गाडीची चाल

तिसऱ्या पुलावर गाडी पुन्हा दरीत गेली, तेव्हा ढब्बूनं गेमचा कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि चारचौघांत तोंडघशी पाडणाऱ्या सोयऱ्याकडे पाहावं तसं आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं.

“संपलं, अक्का.”

अक्का शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. तिचा पाय थांबला. “काय संपलं? चहा?”

“मी.”

ढब्बू हे लहानपणी पडलेलं नाव. आता तो दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा बाप्या झाला होता, तरी बहिणीसाठी ढब्बूच. बंदरावरच्या सगळ्यात उंच क्रेनचा तो चालक. वर काचेच्या खोलीत बसायचं, जहाजातली लोखंडी खोकी उचलायची आणि खाली मुंग्यांसारख्या दिसणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून नेऊन अलगद टेकवायची. काही महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली आणि डावा हात पाहुण्यासारखा वागू लागला. घरात असून नसल्यासारखा. औषधपाणी झालं, व्यायाम झाला, हात हळूहळू माणसात आला. डॉक्टरांनी तपासून कामाला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण बंदरावरचा मुकादम जुन्या वळणाचा माणूस. तो म्हणाला, “डॉक्टरांचं राहू दे. तुझा हात तुला ठाऊक. मी संध्याकाळी फोन करतो. वर चढतोस की गोदामात खुर्ची देऊ, ते तूच सांग. जे सांगशील ते कायमचं धरीन.”

ढब्बूचाही डॉक्टरांवर भरवसा नव्हता. “डोळे मिटून नाकाला बोट लाव म्हणाले. लावलं. नाक सापडलं म्हणून क्रेन चालवायला देतात होय?” त्यानं आपली परीक्षा आपणच ठरवली होती. लहानपणी दोघं भावंडं टीव्हीला जोडून एक गेम खेळायची. खाणीतली गाडी, मोडके रूळ, वाटेत तीन पूल. तिसऱ्या पुलाचा मधला भाग कोसळलेला. तिथं नेमक्या क्षणी डाव्या अंगठ्यानं उडी मारायची. अक्का तिथं शंभरदा पडली असेल. ढब्बू कधीच नाही.

ते जुनं यंत्र केव्हाच मेलं होतं. म्हणून शेजारच्या गाळ्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं अक्काच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून दिला; म्हणजे कॉम्प्युटरला त्या जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. पहिल्यांदा गाडी सुरू झाली ती वारा प्यायल्यासारखी सुटली. दोघं खूश झाली. “नवा कॉम्प्युटर आहे, पळणारच,” अक्का कौतुकानं म्हणाली होती. मोठ्या टीव्हीवर चित्र मोठं, तशी नव्या यंत्रावर गाडी जलद, एवढा साधा हिशेब. तेव्हापासून ढब्बू रोज येऊन बसत होता आणि रोज पडत होता.

“फोन आला की सांगून टाकतो, खुर्ची द्या,” तो उठला. “जरा पाय मोकळे करून येतो.”

“अरे, गेम तो. पोराटोरांचा खेळ.”

“वर असताना एवढीच चूक झाली तर खालचा माणूस पोराटोरांचा खेळ म्हणणार नाही, अक्का.”

तो गेला. अक्कानं टाका घालायला घेतला, सुई बोटात गेली. बोट तोंडात धरून ती कॉम्प्युटरकडे बघत राहिली. गोदामातली खुर्ची म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. हा माणूस जमिनीवर असला की घुसमटायचा. बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा वर चढला होता, म्हणाला होता, तिथं श्वास येतो. त्याला खुर्चीत बसवायचं म्हणजे जित्याजागत्या माणसाला फडताळात ठेवायचं. पण हात खरोखरच गेला असेल तर? मनात पाल चुकचुकत होती.

तिनं कंट्रोलर उचलला. ती तर पहिल्याच पुलावर पडली. “म्हातारे, तुझंही संपलं,” ती स्वतःला म्हणाली. गाडी पुन्हा सुरू झाली, तसं ते जुनं संगीत वाजू लागलं आणि नकळत तिच्या ओठांवर शब्द आले. त्या सुरावटीवर दोघांनी लहानपणी रचलेलं गाणं होतं ते:

*चल गं गाडे, वाकडेतिकडे,*
*पूल मोडला, जा पलीकडे,*
*पडलीस तर मग रडू नको गडे.*

शेवटच्या ‘गडे’वर उडी मारायची. पण अक्का ‘पलीकडे’पर्यंत पोचते न पोचते तोच संगीत पुढं निघून गेलं. तिनं पुन्हा गायलं, भरभर. धाप लागली, जीभ अडखळली, तरी शब्द मागेच. आणि आवाजही कसा, कुणी नाक चिमटून गावं तसा चिरका.

माणूस म्हातारं होतं. गाणं कसं म्हातारं होईल?

ती तशीच शेजारच्या गाळ्यात गेली. दुरुस्तीवाला एका उघड्या डब्यात फुंकर मारत होता.

“अहो, तुमच्या त्या गेमची चाल बिघडलीय.”

“कुठली चाल? गाण्याची की गाडीची?”

“दोन्ही. धावतंय नुसतं.”

“धावतंय म्हणजे चांगलंच की, अक्का. लोक माझ्याकडे हळू चालतं म्हणून रडत येतात.”

“तुम्ही हसा. तिकडं माझा भाऊ नोकरीवर पाणी सोडायला निघालाय.”

तो हसायचा थांबला. हात पुसून तिच्याबरोबर आला, कॉम्प्युटरवर दोनचार ठिकाणी उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “माझंच चुकलं. बघा, या जुन्या गेमच्या पोटात घड्याळ नसतं. एक चित्र दाखवलं की गाडी एक पाऊल पुढं. टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं दाखवायचा, म्हणून गाडी पन्नास पावलं टाकायची. आता पळताना चित्र मधेच फाटल्यासारखं दिसू नये म्हणून मी गेम तुमच्या स्क्रीनच्या चालीला बांधला. आणि ही स्क्रीन दाखवते पंचाहत्तर.”

“म्हणजे गाडी दीडपट पळते?”

“दीडपट. आणि संगीतही. या चौकटीत पन्नास टाका, की झालं.” तेवढ्यात त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि तो गेला.

अक्का खुर्चीत बसली. जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. चौकट समोर होती, आणि तिच्यात कुठलाही आकडा बसत होता. तिनं पंचेचाळीस टाकला. गाडी डुलत डुलत निघाली, एखाद्या तृप्त म्हशीसारखी. या चालीनं तर अक्कासुद्धा तिसरा पूल ओलांडेल. ढब्बू ओलांडेल, हसेल, फोनवर म्हणेल, चढतो. आणि उद्या वरून खोकं खाली येत असेल, खाली कुणीतरी माणूस असेल, त्यालाही घरी बहीण असेल. त्या खोक्याची चाल कुठल्या चौकटीत टाकून कमी करायची?

तिनं आकडा पुसला. पन्नास टाकला. गाणं म्हणून पाहिलं. शब्द जोड्यात पाय जावा तसे सुरात बसले, आणि तिला एकाएकी घाम फुटला. आता गेमची काही चूक उरली नव्हती. आता जे कळेल ते हाताचंच कळेल.

ढब्बू आला. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता कडवट झाला.

“मला बरं वाटावं म्हणून हळू केलंस.”

“नाही रे.”

“माझ्याकडे बघून बोल.”

अक्कानं त्याच्याकडे पाहिलं. “करणार होते. पंचेचाळीस टाकला होता. मग पुसला.”

त्यानं कंट्रोलर उचलला. मग म्हणाला, “पंचेचाळीसवर काय, तूसुद्धा पार झाली असतीस.”

“तेच म्हटलं मी.”

तो बसला. संगीत सुरू झालं. त्यानं आधी नुसतं गाणं म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि मान हलवली. चाल बरोबर होती. मग खेळला. पहिला पूल गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर ‘गडे’ म्हणताना त्यानं अंगठा दाबला आणि गाडी कडेला घासून दरीत गेली. तो पुन्हा खेळला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी ‘गडे’च्या जरा आधीच त्यानं अंगठा दाबला, आणि गाडी पलीकडे उतरली. अक्का टाळी वाजवणार होती, पण त्याचा चेहरा बघून तिचे हात तसेच राहिले. त्यानं आणखी खेळून पाहिलं. कधी पार, कधी दरीत.

“हात हुकुमावर येत नाही,” तो शेवटी म्हणाला. “येतो, पण उशिरा. मी बोलावतो तेव्हा नाही, मागून येतो.”

फोन वाजला. ढब्बूनं तो उजव्या हातात घेतला. अक्काला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

“हो, मीच... नाही. वर नको.” तिनं डोळे मिटले. “गोदामातही नको... ऐकून तर घ्या. खाली ठेवा मला, इशारे द्यायला. वरच्याला काय दिसत नाही, ते मला पाठ आहे... हात? उशिरा येतो. येत नाही असं नाही... आणि कायमचं काही धरू नका. हात वेळेवर यायला लागला की मी पुन्हा सांगेन... हो. कळलं.”

त्यानं फोन ठेवला.

“काय म्हणाला?”

“कुरकुरला. म्हणाला, खुर्ची नाकारणारा पहिलाच बघतोय. उद्यापासून ये म्हणाला.”

“म्हणजे तू खोक्यांच्या खाली उभा राहणार.”

“बाजूला. अगदी खाली नाही.”

अक्कानं पँट हातात घेतली, टाका शोधला, सापडला नाही.

“आणि तुझ्या जागी वर कोण आहे रे आता?”

“नवा आहे एक. शिकतोय.”

“त्याचा हात कसा आहे?”

ढब्बूनं कंट्रोलरची वायर नीट गुंडाळली, मग सोडली, मग पुन्हा गुंडाळली.

“चांगला आहे म्हणतात,” तो म्हणाला.