अम्मनच्या डोळ्यांतली दोन छिद्रं

तमिळ मुलखातल्या तिरुनागेश्वरमच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती, तरी माणसं शिरतच होती. कुणी फुलपात्र आणलेलं, कुणी औषधाची रिकामी बाटली. कापराचं तबक देवीच्या मुखाजवळ फिरू लागलं, आणि बघता बघता तिच्या दोन्ही डोळ्यांतून थेंब सुटून गालांवर ओघळले. बायका रडायलाच लागल्या. कण्णीर अम्मन म्हणतात तिला, म्हणजे आसवं गाळणारी आई.

हा मांडव चालवणाऱ्या नेत्रानंदस्वामींच्या तोंडाला तर खीळच नव्हती. "मूर्ती स्वामीमलैच्या नामांकित ओतकऱ्यांची, भरीव पंचधातूची. भरीव धातूत पाणी येतं कुठून, सांगा की डॉक्टरांनो! आईची आसवं डोळ्यांत घाला आणि औषधाच्या बाटल्या कावेरीत सोडा." स्वतः महाराज मात्र जाड भिंगाचा चष्मा लावून बसले होते. त्यांच्या डोळ्यांना ही आसवं लागू पडत नसावीत.

मुकुंदराव या गर्दीत पहिल्यांदाच आले होते, तेही नाइलाजाने. त्यांच्या बायकोला, वेदवतीबाईंना, काचबिंदू होता. डॉक्टर कीर्तींनी स्पष्ट सांगितलं होतं की औषधाचे थेंब गेलेली नजर आणत नाहीत, उरलेली राखतात, एक दिवसही चुकवू नका. पण चार वर्षं औषध घालून उजेड वाढेना, म्हणून बाई वैतागल्या आणि तीन आठवड्यांपूर्वी थेंब बंद करून आसवं घालू लागल्या. मुकुंदराव चिडले, हात जोडले, दोन दिवस जेवले नाहीत. बाई ढिम्म हलल्या नाहीत. आज सकाळी त्या दाराच्या चौकटीवर आपटल्या, आणि तरीही म्हणाल्या, आज शुक्रवार आहे, बाटली तेवढी भरून आणा.

म्हणून ते रांगेतून पुढे सरकत देवीसमोर पोचले, बाटली गालाला लावली, आणि वाकून बघतच राहिले. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातल्या छिद्राशेजारी आणखी एक बारीक टिंब होतं. ते टिंब त्यांच्याच हातून उमटलं होतं.

मुकुंदराव गिरणीतले निवृत्त फिटर. मूर्तिकार त्यांच्याकडे देवीच्या नाकात चमकीसाठी छिद्र पाडायला येत, कारण असलं काम मोठ्या यंत्राला जमत नाही. घरी त्यांच्याकडे मुठीत मावणारं, बोटांनी फिरवायचं छोटं गिरमिट होतं. आधी शिलाई मशीनच्या सुईने टिंब ठोकायचं, म्हणजे टोक घसरत नाही. मग खोबरेल लावून चार फेरे पुढे, एक मागे. घाई केली की केसाएवढं पातं आतच मोडतं. सहा महिन्यांपूर्वी रंगा नावाचा माणूस पितळेचा पोकळ मुखवटा घेऊन आला. डोळ्यांत खडे बसवायचे आहेत म्हणाला, आणि अर्ध्या मिलिमीटरची दोन छिद्रं मागितली. देवीच्या मूर्तीवर चढवायचं कवच पोकळच असतं, तेव्हा मुकुंदरावांना शंका कशाला येईल? सुई एकदा घसरली होती, तेवढाच हातचा डाग राहिला. काम मात्र असं झकास उतरलं होतं की त्यांनी ते बायकोला मुद्दाम दाखवलं होतं. तोच रंगा आता स्वामींच्या बाजूला उभा राहून तबक फिरवत होता.

घरी येऊन त्यांनी बाटली मोरीत ओतली. मग एक पितळी डबी घेतली, खालच्या अंगाला तेवढंच छिद्र पाडलं, अर्धी पाण्याने भरली आणि झाकण कथलाने झाळून पक्कं बंद केलं. डबी उभी केली तर थेंब पडेना. वरून हवा शिरायला वाट नव्हती आणि छिद्र इतकं बारीक होतं. कापूर जवळ धरला तशी आतली हवा तापून फुगली, आणि तिने पाणी ढकललं.

वेदवतीबाईंना ते दिसेना. तेव्हा मुकुंदरावांनी बायकोचं बोट धरून छिद्राखाली ठेवलं. बोटावर एक थेंब पडला, मग दुसरा.

"ती छिद्रं मी पाडलीत गं," मुकुंदराव म्हणाले आणि हमसून रडू लागले. "मला माहीत नव्हतं."

बाई ओलं बोट पदराला पुसत उठल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या डोळ्यांत तुमच्या गिरमिटाचं पाणी गेलं. चला, डॉक्टरकडे चला."

उजवा डोळा गेला होता. डाव्यात थोडी नजर शिल्लक होती. औषध सोडलं नसतं तर दोन्ही राहिले असते, असं कीर्तींनी सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी बाईच हट्टाने नवऱ्याचा हात धरून मांडवात गेल्या. आरतीच्या आधी त्यांनी तमिळमध्ये एवढंच विचारलं की आज तबक दहा हात लांब ठेवून आरती केली तर आई रडेल का? स्वामी म्हणाले, आई परीक्षा देत नसते. तेवढ्यात मुकुंदरावांनी पायरीवर डबी ठेवून कापूर लावला, आणि सगळ्यांदेखत पितळेची डबी रडायला लागली. रंगा धावून आला, पण देवीला रोज हार घालणारी फूलवाली पंकजा आडवी आली आणि तिने अम्मनचा मुकुट उचलला. खाली मुखवट्यात पाणी भरायच्या तोंडाचा स्क्रू होता. तो फिरवताच हवा आत शिरली आणि न तापवता देवीच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली. स्वामी त्या गडबडीत मागच्या दाराने पसार झाले.

लोक सुन्न झाले होते. काहींना अजून पटत नव्हतं. वेदवतीबाई त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"देवीला मी आजही नमस्कार करते," त्या म्हणाल्या. "पण माझा उजवा डोळा हिने नेला नाही आणि या लबाडाने एकट्याने नेला नाही. हे होतं कसं, एवढं मी विचारलं नाही म्हणून तो गेला. तुम्ही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका, मला डॉक्टर कीर्तीबाईंनी हेच सांगितलं होतं."

मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हातातली भरलेली बाटली जमिनीवर ओतली आणि विचारलं, त्या डॉक्टरबाईंचा दवाखाना किती वाजता उघडतो?