पिल्लाच्या बाजूचा डोळा

रोह्याच्या एका मंडळाला यंदा गणपतीच्या देखाव्यात देवमासा हवा होता. साधासुधा नाही, हम्पबॅक. पाठीला कुबड, डोक्यावर गाठी आणि वल्ह्यांसारखे दोन लांबलचक पर. मादी आणि शेजारी तिचं पिल्लू. आमचा हमरापूरचा कारखाना गणपतींचा, तरी सासऱ्यांनी ऑर्डर घेतली. "सोंड येते, मंग शेपटी नाय यायची?"

शेपटी आली. डोळे राहिले.

आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, हे आमच्याकडं माझ्या नणंदेचं, नम्रताताईंचं काम. माघात त्यांचं बाळ जन्मतःच गेलं. तेव्हापासून त्या इथं माहेरी आहेत आणि ब्रशला हात लावलेला नाही. यंदाचे गणपती शेजारच्या पोपटदादांनी आखून दिले. देवमासा बघून मात्र ते हसत सुटले. "मला देव येतात गो, मासे नाय येत."

माझी लेक अंगावर पिते. तिला पाजायला मी मूर्तींच्या फळ्यांमागं जाऊन बसायची. ताईही तिच्याकडं बघायच्या नाहीत. एका घरात आम्ही दोघी एकमेकींच्या वाटा चुकवत होतो. त्या पुन्हा कधी आमच्यात येतील, की अशाच राहतील, हे विचारायची हिंमत कुणाला नव्हती.

शेवटी सासऱ्यांनीच देवमाशाचे डोळे काढले. समोर, मोठे, टपोरे, थेट गणपतीचे.

मंडळानं पाठवलेला व्हिडिओ मी मोबाइलवर लावला होता. निळ्या पाण्यात आई निश्चल, पिल्लू तिच्या हनुवटीखाली. पिल्लू लहान असताना ती महिनोन्महिने जवळजवळ उपाशी असते, अंगातली चरबी दुधात उतरवते. पिल्लू बोलतं तेही अगदी हळू, शिकारी माशांना कळू नये म्हणून. दम संपला की तेवढं वर जातं, श्वास घेतं आणि परत आईखाली शिरतं.

चहा घेऊन आलेल्या ताई माझ्या मागंच थांबल्या होत्या.

"बाबा, ही लोकांकडं कशाला बघंल?"

"मूर्तीनं समोर बघावं लागतं, नमू."

"ही मूर्ती नाय. हिचा डोळा बाजूला हाय. बारका, जबड्याच्या कोपऱ्याशी."

"मागच्या माणसाला दिसायचा नाय गो."

"नको दिसू दे."

ताईंनी ओल्या फडक्यानं देवमाशाचे दोन्ही डोळे पुसून टाकले. ताई ब्रश घेऊन पिल्लाच्या बाजूला बसल्या, पण हात काही पुढं जाईना. तेवढ्यात माझी लेक कुरकुरली. मी तिला उचलून फळ्यांमागं निघाले.

"वैशाली, कुठं चाललीस?"

"भूक लागलीय तिला."

"मग इथं बस. माझ्यासमोर."

सासरे उठून अंगणात गेले. मी बसले. लेक लुचू लागली आणि मी धास्तावून ताईंच्या तोंडाकडं बघत राहिले.

"माझ्याकडं काय बघतेस? तिच्याकडं बघ."

मी खाली पाहिलं. लेकीची मूठ माझ्या गळ्यातल्या पोतीत अडकली होती. पिता पिता ती माझ्याकडंच बघत होती, आणि मग मला दुसरं काही दिसेना.

मान वर केली तेव्हा ताईंचे गाल भिजले होते. हात मात्र स्थिर होता. जबड्याच्या कोपऱ्याशी बारका डोळा उमटला होता, अर्धा मिटलेला, खाली पिल्लाकडं वळलेला.

"दुसऱ्या बाजूचा?" सासऱ्यांनी दारातून विचारलं.

"उद्या," ताई म्हणाल्या. हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी ते पुढं केले. "आण तिला इकडं. ढेकर मी काढते."