भरल्याशिवाय न सुटणारी जीप

मित्रांनो, मुरबाडच्या स्टँडाबाहेर कल्याणच्या रांगेत एक पांढरी जीप उभी असते. पांढरी म्हणजे एके काळी पांढरी. आता माझा डावा दरवाजा दुसऱ्या गाडीचा आहे, तो निळा आहे, आणि बोनेटला दोन ठिकाणी पोचे आलेत. तीच मी. काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' आहे, ते मात्र दरवर्षी चौदा एप्रिलला नव्यानं रंगवलं जातं, म्हणून म्हातारपणीही माझा चेहरा टवटवीत दिसतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पहिली आठवण आहे ती भीमाबाईंची. त्यांचे यजमान सोमा मला घरी घेऊन आले, तेव्हा भीमाबाईंनी माझ्या बोनेटवर झेंडूचा हार घातला आणि पदरानं माझे दिवे पुसले. सगळी आळी मला बघायला आली होती. पोरांनी हॉर्न वाजवून वाजवून माझा घसा बसवला. तेवढं कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही, पण जे आलं ते मी अजून पुरवून पुरवून वापरते.

मग कामाची वर्षं सुरू झाली. मुरबाडला रेल्वे नाही, हे तुम्हांला माहीत असेल. कल्याणला जायचं तर एसटी, नाहीतर आम्ही जीपा. मी माणसं नेली, आंब्याच्या पेट्या नेल्या, नवऱ्या मुली नेल्या, एकदा तर एक म्हशीचं पारडूही नेलं. सोमांचा एकच नियम होता. गाडी भरल्याशिवाय सोडायची नाही. एक जागा जरी रिकामी असली तरी सोमा दाराशी उभे राहून "कल्यान, कल्यान" असं ओरडत. आत बसलेले वैतागत, पंख्यासारखे रुमाल हलवत, पण सोमा ढिम्म. पुढं ते थकले आणि चावी त्यांच्या मुलाच्या, रूपेशच्या हाती आली. चावीबरोबर नियमही आला.

प्रवाशांचाही एक नियम होता. जागा धरायची तर सीटवर रुमाल टाकायचा, आणि खुशाल चहाला जायचं. रुमाल नसला तर पिशवी, पिशवी नसली तर टोपी. त्या रुमालाला कुणी हात लावत नसे. माणूस परत येईपर्यंत ती जागा त्याची. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण मुरबाडच्या स्टँडावर तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

आता मला सांगायचंय ते याच उन्हाळ्यातलं. शाळा सुरू व्हायच्या आधीचा रविवार होता. भर दुपारी बाईजा आली. बाईजा म्हणजे माझी सगळ्यांत जुनी सवारी. डोंगराकडच्या गावातून येते, करवंदं, जांभळं, रानभाज्या घेऊन कल्याणच्या बाजारात बसते आणि पाटी रिकामी झाली की परत फिरते. मी स्टँडावर आले तेव्हापासून ती माझ्यातून जातेय. पण त्या दिवशी तिच्या पाटीत काही नव्हतं. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं होतं आणि हाताला धरून नात होती, निशिगंधा.

निशिगंधाला बाईजानंच वाढवलं. मुलीचे आईबाप आसनगावला राहतात, बाप कंपनीत जातो. गावची शाळा चौथीपर्यंत. ती झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी तिचा बाप हरेश, म्हणजे बाईजाचा मुलगा, पोरीला आसनगावला घेऊन जाणार होता. शाळेची सहल कल्याणची खाडी आणि किल्ला बघायला गेली, तेव्हा ही पोर तापानं फणफणली होती. बाईजानं तिला शब्द दिला होता, जायच्या आधी मी तुला बोटीत बसवीन. आता हातात तेवढाच एक दिवस उरला होता.

खाडीचं मला ठाऊक आहे. लोक कधी कधी मला स्पेशल करून, म्हणजे अख्खी गाडी ठरवून, तिथं नेतात. घरंच्या घरं येतात. पोरं किल्ल्याच्या टेकडीवर धावत सुटतात, बुरुजावर उभी राहून खाली हाका मारतात. म्हातारी माणसं झाडाखाली चादर पसरतात. भेळ असते, बर्फाचा गोळा असतो, हातानं फिरवायचा छोटा पाळणा असतो. जुन्या काळी या पाण्यात गलबतं लागत, असं गुरुजी पोरांना सांगतात, आणि पोरं गोळा चोखत ऐकल्यासारखं करतात. आणि बोट असते. पण भरती असेपर्यंतच. पाणी उतरलं की काठाला चिखल उघडा पडतो आणि बोटवाला दोर बांधून घरी जातो.

रूपेशनं बाईजाला ते सांगितलं होतं. आज पाचनंतर पाणी उतरेल, तोवर पोचलं पाहिजे. बाईजानं मान डोलावली आणि दोघी मधल्या सीटवर बसल्या. त्यांच्या आधी काजल आणि अक्षय हे नवं जोडपं येऊन बसलं होतं, आणि मागं कमळूबाबा. कमळूबाबा लेकाकडे निघाले होते आणि त्यांच्या मांडीवर टोपलीत एक लाल कोंबडा होता. अजून चार जागा रिकाम्या होत्या.

बाईजानं दोनदा विचारलं, निघतोस का. रूपेश म्हणाला, चार जागा भरू देत. आणि तो झाडाखाली बाकीच्या ड्रायव्हरांबरोबर चहा पीत बसला.

तेव्हा बाईजाच्या डोक्यात एक युक्ती आली. तिनं इकडंतिकडं बघितलं. मग आपला टॉवेल काढून एका सीटवर ठेवला. नातीची ओढणी दुसऱ्या सीटवर. भाकरीची पिशवी तिसऱ्या आणि रिकामी पाटी चौथ्या. काजल बघत होती, पण तिला वाटलं म्हातारी सामान लावतेय. बाईजाचा हिशेब सरळ होता. रूपेश डोकावेल, सगळ्या जागा धरलेल्या दिसतील, गाडी भरली म्हणून तो सुटेल. पदर सावरून ती हुशारीनं बसली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी ओरडले असते. हॉर्न आहे, पण तो दुसऱ्यानं दाबावा लागतो.

कारण पुढं काय झालं, तर एक बाई दोन मुलांना घेऊन आली, आत डोकावली, टॉवेल बघितला, ओढणी बघितली आणि एसटीकडे गेली. मग दोन कॉलेजची मुलं आली. त्यांनी पिशवी आणि पाटी बघितली आणि तीही गेली. रूपेशही एकदा येऊन डोकावला. जागा धरलेल्या बघून तो खूश झाला, आणि ज्यांनी धरल्या ते चौघं चहाला गेलेत असं समजून त्यांची वाट बघत पुन्हा झाडाखाली जाऊन बसला. म्हणजे रूपेश थांबला होता न आलेल्या माणसांसाठी, आलेली माणसं परत जात होती रुमाल बघून, आणि बाईजा आतल्या आत चडफडत होती की हा गाढव अजून सुटत का नाही. माझ्यामागं नंबर लावून उभ्या असलेल्या जीपचा ड्रायव्हर हॉर्न मारून मारून कंटाळला. कोंबडा तेवढा मजेत होता.

ऊन कलायला लागलं. शेवटी रूपेश वैतागून उठला आणि साऱ्या स्टँडाला ऐकू जाईल असं ओरडला, "रुमालवाले, चला लवकर, गाडी सुटतेय!"

कुणी आलं नाही. तो पुन्हा ओरडला. बाईजा खिडकीबाहेर बघत राहिली, जणू तिला कल्याणशी काही देणंघेणंच नाही. निशिगंधानं आजीकडे बघितलं, सीटवरच्या आपल्या ओढणीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "काका, ती मानसं नाय येनार. ते सगलं आजीचं हाय."

आधी कमळूबाबा हसले. मग काजल-अक्षय हसत सुटले. रूपेश मात्र हसला नाही. दुपारचा धंदा बुडाला होता, आणि तोही स्वतःच्याच सवारीनं बुडवला होता. त्याचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार, तेवढ्यात बाईजाच बोलली. तिचा आवाज नेहमीसारखा ठसक्याचा नव्हता.

"रूपेश, तुजा बाप चालवायचा तवापासून मी कल्यानला जाते. बाजारात बसते न परत येते. खाडी तिथंच मागल्या अंगाला हाय म्हनतात. मी कदी बघली नाय रे. पोर उद्या जातंय. मला वाटलं, तिच्यासंगं एकदा बघीन."

मला कसंसंच झालं. एवढी वर्षं मी या बाईला वाहून नेलं, आणि तिनं काय बघितलंय न् काय नाही, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, कल्याणला नेलं म्हणजे कल्याण दाखवलं.

रूपेशनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मग तो स्टिअरिंगवर येऊन बसला आणि त्यानं चावी फिरवली. चार जागा रिकाम्या ठेवून मी स्टँडाबाहेर पडले. खरं सांगते, मला फार हलकं वाटलं. कमळूबाबांनी विचारलं, बापानं बघितलं असतं तर काय म्हणाला असता? रूपेश म्हणाला की शिव्या दिल्या असत्या, आणि त्यानं गिअर बदलला.

कल्याणात शिरल्यावर त्यानं बाकीच्यांना विचारलं, तुम्हांला आधी स्टेशनाला सोडू का? तिथं गर्दीत अडकलो असतो तर खाडी हुकलीच असती. काजल म्हणाली, आधी खाडी. तिच्या नवऱ्यानं मान डोलावली. नव्या नवऱ्यांना दुसरं काय करता येतं?

आम्ही काठावर पोचलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. पायऱ्यांच्या खालच्या अंगाला चिखलाची काळी पट्टी दिसू लागली होती. बोटवाला दोर हातात घेऊन उभा होता. बाईजा लुगडं सावरत, नातीला ओढत त्याच्याकडे धावली. त्यानं दोघींकडे बघितलं आणि मान हलवली. एक फेरी होईल अजून, पण दोघींसाठी इंजिन नाही चालू करणार.

"बोट भरल्याशिवाय सोडत नाय, आजी," तो म्हणाला.

बाईजा तिथंच उभी राहिली. निशिगंधा म्हणाली, जाऊ दे आजे, आपण किल्ल्यावर जाऊ. पण तिचा चेहरा रडवेला झाला होता. रूपेश माझ्या दाराशी टेकून हे ऐकत होता. हेच वाक्य त्यानं आणि त्याच्या बापानं जन्मभर लोकांना ऐकवलं होतं. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. तो वळला, माझं मागचं दार त्यानं धाडकन उघडलं आणि म्हणाला, "उतरा सगले. बोटीत बसायचंय."

काजल-अक्षय उतरले. कमळूबाबा टोपलीसकट उतरले. शेजारी गोळा खात असलेलं एक घर रूपेशनं गोड बोलून उठवलं. आणि शेवटी तो स्वतः चढला. इतक्या वेळा इथं स्पेशल घेऊन आला, पण दरवेळी गाडीपाशी बिडी ओढत बसायचा. बोट भरली, इंजिन फटफटलं आणि माझी सगळी सवारी मला काठावर टाकून पाण्यावर निघून गेली.

मी एकटी उभी होते. मागचं दार सताड उघडं, चावी तशीच लोंबत. कुणी चोरलं असतं तर? पण माझ्यासारखीला चोरणार कोण! बोट किल्ल्याच्या खालून वळली. निशिगंधा बुरुजाकडे बोट दाखवून आजीला काहीतरी समजावत होती. बाईजा ऐकत नव्हती. ती वाकून पाण्यात हात घालून बसली होती, पंजा उघडा ठेवून. कोंबडा आरवला तसे बोटीतले सगळे हसले. ते हसू मला काठावर ऐकू आलं.

परत आल्यावर त्यांनी भेळ खाल्ली, टेकडी चढले, पोरगी पाळण्यात बसली. रूपेशनं बाईजाला आग्रहानं गोळा घेऊन दिला. लुगड्याचा काठ भिजलेला, ओठ लाल झालेले, अशी ती माझ्यात येऊन बसली आणि नातीला जवळ ओढून म्हणाली, "आसनगावला पोरी विचारतील, गावाला तुजी आजी काय करते. करवंदं इकते म्हनून सांग. न हेही सांग, ती मला बोटीतून घेऊन गेलती."

निशिगंधानं आजीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बाकीच्यांना स्टेशनाला सोडलं, तरी मुरबाड येईपर्यंत तिनं ते उचललं नाही.

मित्रांनो, माझं वय झालंय. पुढच्या वेळी पासिंग होईल की नाही, ठाऊक नाही. माझ्या काचा पुसा, माझी दारं आपटू नका, हे तर मी सांगेनच, प्रत्येक जुनी वस्तू तेच सांगते. पण तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जे वर्षानुवर्षं शहरात जातं आणि काम आटपून तसंच परत येतं. तिथलं काय बघायचं राहिलंय, ते त्यांना विचारा. मग एखाद्या रविवारी त्यांना घेऊन या. माझी मागची सीट थोडी फाटलेली आहे, पण बसायला अजून चांगली आहे.