खिटी न बसलेलं दार

सरकतं दार खाली आल्याचा खणकन आवाज भिमाबाईनं ऐकला आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरून ती म्हणाली, “सुदर्शन, चंद्री आत हाय. दार बंद झालं. जा तू आवारात.”

त्या दिवशी तिच्या हातून चूक झाली ती एवढीच. आवाज ऐकला, पण वाकून खिटी बसली का ते पाहिलं नाही. तेरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

अकरा वाजायला चार मिनिटं कमी होती, रविवार होता, आणि काचेची गॅलरी माणसांनी गच्च भरली होती. घाई झाली ती त्यामुळं.

शिनोलीच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्यापासून आत डोंगराच्या कुशीत हे बिबट केंद्र आहे. विहिरीत पडलेले, फाशात पाय अडकून लंगडे झालेले, ऊसतोडीत आईपासून तुटलेले, जंगलात परत सोडता येत नाहीत असे बिबटे इथं येतात आणि मरेपर्यंत इथंच राहतात. पूर्वी फाटकावर ‘प्रवेश बंद’ची पाटी असायची. दोन वर्षांपूर्वी ती उतरली. केंद्राच्या डॉक्टर प्राचीनं वनखात्याच्या साहेबांच्या मागं लागून झाडांमधून जाणारी लाकडी वाट करून घेतली, वाटेच्या शेवटी जाड काचेची लांबलचक गॅलरी बांधून घेतली, आणि सुट्टीच्या दिवशी अकरा वाजता ‘चंद्रीचा तास’ सुरू केला.

भिमाबाईला हे अजिबात पटलं नव्हतं. आण्याच्या पठारावर मेंढरांमागं वाढलेली बाई ती. जनावर म्हणजे काम, जनावर म्हणजे जबाबदारी. “म्याडम, आता तमाशा मांडायचा का जनावराचा?” असं तिनं तोंडावर विचारलं होतं.

“तमाशा नाही, तपासणी,” प्राची म्हणाली होती. “कसरती नाहीत, उड्या नाहीत. रोज जे करायला हवं तेच लोक बघतील. आणि लोक आले तर एक्स-रे मशीन येईल, हाताखाली आणखी माणसं येतील. मागच्या वेळी चंद्री भुलीतून कशी उठली ते आठवतं ना?”

आठवतं म्हणजे काय! चंद्री ही पारगावच्या उसात फाशात सापडलेली मादी. मागचा उजवा पाय कायमचा अधू, आणि वयानं आता मूत्रपिंडं थकलेली. दर तीन महिन्यांनी तिचं रक्त तपासावं लागे, आणि त्यासाठी दर वेळी भुलीचं इंजेक्शन बंदुकीनं मारावं लागे. शेवटच्या वेळी ती चार तास उठलीच नाही. भिमाबाई तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत बसली होती.

त्यानंतर तिनं वाद घातला नाही. गॅलरीच्या उत्पन्नातून पुण्याहून एक प्रशिक्षक येऊ लागला आणि आठ महिने भिमाबाई शिकत राहिली. काठीच्या टोकाला लाल चेंडू. चंद्रीनं चेंडूला नाक लावलं की चिमट्यानं मांसाचा तुकडा. मग जाळीला अंग लावून बसणं. मग खालच्या फटीतून शेपूट बाहेर देणं. मग शेपटीला सुई. जबरदस्ती कुठंच नाही. चंद्रीला नको असेल तर ती उठून जाऊ शकत होती, आणि कधीकधी जायचीही. पण बहुतेक वेळा बसायची. गेल्या वर्षभरात तिला एकदाही भूल द्यावी लागली नव्हती.

त्या रविवारीही सगळं नेहमीसारखंच सुरू झालं. भिमाबाई जाळीसमोरच्या स्टुलावर बसली. पायाशी मांसाची बादली, कॉलरला छोटा माईक. ती बोलेल ते गॅलरीत ऐकू जायचं. जाळीपलीकडं चंद्रीची खोली, खोलीच्या मागच्या भिंतीला ते सरकतं दार, आणि दारापलीकडं झाडं, खडक, पाण्याचं टाकं असलेलं मोकळं आवार. टाक्याची मोरी तुंबली होती म्हणून केंद्रातला मदतनीस सुदर्शन तिथं कोपऱ्यात वाकून गाळ काढत होता. गॅलरीतून एका बाजूला जाळी दिसायची आणि दुसऱ्या बाजूला आवार.

चंद्री आली. चेंडूला नाक लावलं. तुकडा घेतला. अंग वळवून बसली. आणि ती बसल्यावर भिमाबाईला तिच्या पाठीमागं, दाराच्या बुडाशी उन्हाची पट्टी दिसली.

चार बोटं रुंद. दाराच्या खाचेत दगड अडकला होता. दार टेकलं होतं त्याच्यावर. खिटी हवेतच होती.

चंद्रीला पंजा घालून ते दार उचलायला क्षणही लागला नसता. सुदर्शनचा बाहेर पडायचा लोखंडी दरवाजा त्या सरकत्या दारापासून पाच पावलांवरच होता.

दाराची साखळी ओढायला दहा पावलं जावं लागणार. ती उठली की चंद्री उठणार. दार हलवलं की खडखडाट होणार आणि चंद्री मागं वळणार. सुदर्शनला वॉकीटॉकीवर सांगावं तर आवाज त्याच्या कमरेवर, आवारात वाजणार.

तिनं चिमट्यात तुकडा धरला. चंद्रीशी बोलायचा तिचा एक सूर होता, हळू, लांबवलेला. त्याच सुरात ती म्हणाली, “शाब्बास गं माझी बाय. डाक्टर म्याडम, नीट ऐका. मागचं दार लागल्यालं न्हाई. सुदर्शन आत हाय. त्याला लांबच्या फाटकाकडं वळवा. आवाज करायचा न्हाई. बस गं, बस. त्याला पळू दिऊ नका.”

गॅलरीत प्राची हातात माईक धरून लोकांना मूत्रपिंडाबद्दल सांगत होती. वाक्य अर्धंच राहिलं. साठ-सत्तर माणसांनी ते ऐकलं होतं. कुणीतरी “अगं बाई” म्हणालं, एकजण उठून काचेकडं धावायला निघाला. प्राचीनं त्याचा दंड धरला.

“खाली बसा. सगळे. काचेला हात लावायचा नाही,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “एक माणूस आत आहे. तुमची मदत लागणार आहे मला.”

सगळे बसले. एक तान्हं मूल कुरकुरायला लागलं तशी त्याची आई त्याला छातीशी घेऊन वाकून बाहेर गेली.

प्राची काचेपाशी उभी राहिली. सुदर्शनची पाठ काचेकडं होती. दोन मिनिटं तरी त्यानं मान वर केली नाही. भिमाबाईला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला दिसत होती चंद्री, दाराखालची पट्टी आणि बादली. बादलीत सात तुकडे होते.

एरवी ती दर दोन-चार श्वासांना एक तुकडा द्यायची. आता तिनं दहा श्वास मोजले. मग एक. सहा उरले.

तिकडं सुदर्शननं घाम पुसत मान वळवली आणि त्याला काचेपलीकडं दोन्ही तळवे पुढं करून उभी असलेली प्राची दिसली. तिच्यामागं सगळी माणसं जमिनीवर बसलेली. तिनं सरकत्या दाराकडं बोट दाखवलं, मग ‘लागलं नाही’ अशा अर्थी आडवा हात फिरवला. मग लांबच्या फाटकाकडं. त्यानं दाराकडं पाहिलं. बुडाची फट त्यालाही दिसली. फावडं त्यानं इतकं सावकाश खाली ठेवलं की गवतही हललं नाही.

लांबचं फाटक ट्रॅक्टर आत आणायचं. त्याला बाहेरून कुलूप, आणि किल्ली मांस कापायच्या खोलीत, जानकूतात्यांकडं. प्राचीनं एका माणसाला तिकडं पळवलं होतं. तात्या साठीचे, गुडघे दुखणारे. किल्ली घेऊन ते आवाराला वळसा घालून निघाले.

“चंद्रे, माझ्याकडं बघ,” भिमाबाई म्हणत होती. “माझ्याकडं. हां.”

पाच. चार. आवारात कुठंतरी वाळली काटकी मोडली. चंद्रीचे दोन्ही कान मागं फिरले.

भिमाबाईनं चेंडू जाळीला लावला. चंद्रीनं नाक लावलं. तीन. तिची बोटं ओली झाली होती, चिमटा निसटत होता. दोन. पुन्हा दहा श्वास, मग पंधरा. एक. तोही दिला.

तास संपला की ती दोन्ही रिकामे हात चंद्रीला दाखवायची. म्हणजे झालं, आता जा. आज तिनं हात दाखवले नाहीत. चिमटा बादलीत घातला आणि तिथंच धरून ठेवला. चंद्री बघत राहिली. बादलीकडं, मग भिमाबाईच्या तोंडाकडं. गॅलरीतल्या स्पीकरमधून फक्त भिमाबाईचा श्वास ऐकू येत होता.

मग चंद्री उठली.

लंगडत ती दाराकडं गेली, पट्टीत नाक खुपसून तिनं वास घेतला. माणसाचा वास आलाच असणार. तिनं पंजा खाली घातला आणि दार वीतभर वर उचललं गेलं.

भिमाबाईच्या गळ्यात शिट्टी होती. ती वाजवायची म्हणजे अख्खी कोंबडी द्यायची, असा करार होता, आणि तो आजवर कधी मोडला नव्हता. प्रशिक्षकानं बजावून सांगितलं होतं, हातात कोंबडी नसताना शिट्टी वाजवाल तर ती पुन्हा कधी ऐकणार नाही. भिमाबाईजवळ कोंबडी नव्हती.

तिनं शिट्टी वाजवली.

चंद्रीचा पंजा दाराखाली तसाच राहिला. मान वळली. ती एक पळ तशीच उभी होती, अंग दाराकडं, डोळे भिमाबाईवर. मग तिनं पंजा काढून घेतला. दार दगडावर टेकलं, धप्पकन. आणि ती पाय ओढत जाळीशी येऊन, अंग लावून बसली.

भिमाबाईनं पुन्हा वाजवली नाही. “आली गं, आली माझी बाय,” एवढंच म्हणत राहिली. किती वेळ ते तिला नंतर सांगता आलं नाही. शेवटी कानाशी वॉकीटॉकी खरखरला आणि प्राचीचा आवाज आला, “बाहेर आला. भिमाबाई, तो बाहेर आला. फाटक लावलं.”

“कोंबडी आणा,” भिमाबाई म्हणाली. “आधी कोंबडी आणा. मी शिट्टी वाजावलीया.”

जानकूतात्या कोंबडी घेऊन आले. बसल्या बसल्याच तिनं ती आत सोडली.

चौकशी झाली. साहेब पुण्याहून आले. खाचेत दगड कसा गेला, कुणी साफ केली नव्हती, असे प्रश्न निघाले, पण भिमाबाईनं ते पुढं जाऊच दिले नाहीत. “साहेब, दगड कसाबी यील. खिटी बघायचं काम माजं व्हतं. मी बघितली न्हाई आनि पोराला जा म्हणले.” तिला पंधरा दिवस जनावरांपासून लांब ठेवलं. गॅलरी बंद झाली. साहेबांचं म्हणणं, अकराच्या घाईनंच हे घडलं, तेव्हा तासच नको. प्राची म्हणाली, घाई झाली हे खरंच आहे, तेव्हा वेळ सैल करू, दोन माणसांनी खिटी बघून सही केल्याशिवाय कुणी आत जाणार नाही, दारावर कॅमेरा लावू. पण तास बंद केला तर पुढच्या महिन्यात चंद्रीला पुन्हा बंदुकीनं भूल द्यावी लागेल आणि ती त्यातून उठेल याची खात्री मी देत नाही. साहेबांनी कागद मागवला आणि या अटी लिहून घेतल्या.

सुदर्शन तिसऱ्या दिवशी कामावर आला. तो भिमाबाईशी पूर्वीसारखाच बोलला. त्याची बायको श्रेया मात्र तशी नव्हती. ती केंद्राच्या फाटकावर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “मावशी, तुमच्या शब्दावर आत गेलं व्हतं ते. माज्या दोन पोरी हायेत घरी.” भिमाबाई खाली मान घालून ऐकत राहिली.

महिन्याभरानं गॅलरी उघडली. पहिल्या तासाला चंद्री येईल का, याची प्राचीलाही खात्री नव्हती. ती आली, पण सात-आठ मिनिटं लांब बसून राहिली. लोक थांबले. मग ती जाळीला लागली, शेपूट बाहेर दिलं, रक्त निघालं. चार दिवसांनी अहवाल आला. मूत्रपिंडं थोडी आणखी बिघडली होती, पण वेळेत कळलं. तिचं खाणं बदललं, पाण्यातून औषध सुरू झालं.

त्या पहिल्या तासाला श्रेया दोन्ही मुलींना घेऊन तिकीट काढून मागच्या रांगेत बसली होती. भिमाबाईला ते माहीत नव्हतं. तास संपल्यावर ती बादली घेऊन बाहेर आली तेव्हा श्रेया लाकडी वाटेच्या पायरीवर एकटीच बसलेली दिसली. मुली बापाबरोबर पुढं गेल्या होत्या.

“मावशी,” श्रेयानं विचारलं, “त्या दिवशी तिनं शिट्टी ऐकलीच नसती तर काय केलं असतं तुमी?”

भिमाबाईनं बादली खाली ठेवली.

“जाळीच्या दाराची किल्ली माज्या कमरंला व्हती,” ती म्हणाली. “काढून हातात घेतली व्हती. ती तिकडं भायेर गेली असती तर मी हिकडनं तिच्या मागं आत गेले असते. तिला माजी वळख हाय, म्हणून. दुसरं काय सुचलंच न्हाई.”

श्रेया तिच्याकडं बघत राहिली. मग ती पायरीवर थोडी सरकली आणि तिनं पदरानं शेजारची धूळ झाडली.

“बसा की जरा,” ती म्हणाली.