बालाजीनं बसवलेला डबा

मी तोंडाची फटकळ हाय, हे अख्ख्या पिंगळीला म्हाईत हाय. आमचे मालक जिवंत होते तवा म्हणायचे, सरजाबाई रस्त्यानं चालली की कुत्री बी कडंला होतात. आता मालक न्हाईत, पण तोंड तसंच हाय.

त्या महिन्यात माझा सगळा राग सिद्धोधनवर निघायचा. सिद्धोधन म्हंजी आमच्या गावाला वायरचं नेट देणारा. स्टेशनच्या रस्त्याला त्याचं दुकान हाय. मी जायची आन चार गिऱ्हाइकांसमोर त्याला धुऊन काढायची.

"सिद्धोधन, आज परत माझ्या सुनेचं नेट मेलं! ऐन बोलणं चालू असताना! तुला लाजशरम हाय का न्हाई?"

"काकू, लाईन ठीक हाय. मी इथून बघायलोय की."

"इथून काय बघतूस, ज्योतिषी हाईस का? नवीन कनेक्शन द्यायला बरं माझं घर सापडलं तुला!"

तो बिचारा खाली मान घालून बसायचा. गिऱ्हाइकं हसायची. मला वाटायचं, बरं झालं, असंच पायजे.

एवढं भांडायला कारण होतं. रेणुका माझी सून. माझा एकुलता एक लेक बालाजी पुण्याला कंपनीत हाय. तिथं एका खोलीत चार जण राहतात, म्हणून रेणुका माझ्याजवळ. कॉम्प्युटर शिकलेली पोरगी, पण घरात बसून बसून पार कोमेजली होती. दिवाळीनंतर तिला काम लागलं. पाण्याचे फिल्टर विकणारी कुठली तरी कंपनी हाय. लोकं फोन करून तक्रारी सांगणार, हिनं घरात बसून लॅपटॉपवर ऐकायच्या आन माणूस पाठवायचा. हेडफोन लावून "नमस्कार, मी रेणुका बोलतेय" म्हणायला लागली ना, की मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची. काय ते बोलणं! समोरचा कितीबी तापलेला असू द्या, हिच्या बोलण्यानं निवायचा. माझ्याच घरात राहून हे कुठून शिकली, देव जाणे.

पण पहिला महिना परीक्षेचा होता, आन त्याच महिन्यात नेटानं दगा दिला. कवा अकराला जायचं, कवा दुपारी. मजा अशी, की माझ्या मोबाईलवर कीर्तन चालूच असायचं आन हिचाच लॅपटॉप मुका व्हायचा. शेवटी तिच्या वरच्या बाईनं सांगून टाकलं, सोमवारपासून एकदा जरी लाईन तुटली, तर काम बंद. पोरगी त्या दिवशी जेवली न्हाई.

बालाजी रोज फोनवर इचारायचा, "काय आई, आज बी गेलं का नेट? अरेरे. त्या सिद्धोधनला चांगला झाड तू."

आन मी झाडायची.

नेटाचा डबा सिद्धोधनचा नव्हता, हे आधी सांगते. त्यानं दिलेला जुना डबा विजेनं जळाला. मग दसऱ्याला बालाजी आला तवा पुण्याहून नवीन आणला, चार शिंगांचा. राउटर म्हणतात त्याला. स्वतः भिंतीला बसवला, माझ्या फोनात त्याचं ॲप टाकून दिलं. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. मी म्हणलं, "माझ्या लेकानं आणलाय, लय भारी हाय, पार गोठ्यापर्यंत नेट जातंय." आपलं लेकरू म्हणलं की आपल्याला दुसरं काय दिसतंय?

रविवारी सिद्धोधन स्वतःच दारात उभा राहिला. त्याचा बी संयम संपला होता.

"काकू, तुमी मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई. आज तुमच्यासमोर सोक्षमोक्ष लावतो. वायरीत दोष निघाला, तर दुकान बंद करतो."

"राहू द्या, सिद्धोधनदादा," रेणुका घाईघाईनं म्हणली. "आज ठीक हाय."

"कामून राहू द्या?" मी तिच्यावर खेकसले. "उद्या तुझी परीक्षा हाय ना? बघू दे त्याला!"

सिद्धोधननं त्याचा लॅपटॉप थेट वायरीला जोडला. नेट पळायला लागलं. मग वायर परत डब्यात घालून रेणुकाचा लॅपटॉप डब्यावरून लावला, तर तो मेलेला. त्यानं माझा फोन मागून घेतला, बालाजीनं टाकलेलं ॲप उघडलं. घरातल्या सगळ्या वस्तूंची नावं त्यात होती. माझा मोबाईल, टीव्ही, रेणुकाचा लॅपटॉप. लॅपटॉपच्या नावापुढं लाल खूण.

"हे बघा काकू. लाईन चांगली हाय. डब्यानं एकट्या लॅपटॉपला अडवलंय." त्यानं खुणेवर बोट दाबलं. खूण हिरवी झाली आन लॅपटॉप चालू झाला.

आमी तिघं बघायलोय, तर खूण आपोआप परत लाल झाली. लॅपटॉप परत बंद.

सिद्धोधननं परत हिरवी केली. परत लाल झाली.

"काकू, आता मी हात लावला न्हाई. कुणीतरी दुसरीकडून दाबायलंय. हे ॲप अजून कुणाच्या फोनात हाय?"

दुसरं ॲप एकट्या बालाजीच्या फोनात होतं. मी रेणुकाकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती. तिचा चेहरा बघून मला सगळं कळलं, आन तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुला म्हाईत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आत्याबाई."

"मग मुकी होतीस का? मी ह्या माणसाला रोज दुकानात जाऊन शिव्या घालायले, आन तू गुमान बघायलीस?"

"तुमचं लेकरू हाय. तुमाला कोणत्या तोंडानं सांगू?" आता ती माझ्याकडं वळली. "मला वाटलं, मीच निस्तरते. त्यांचं ॲप तुटावं म्हणून डब्याला पिन खुपसून सगळं पुसून टाकलं होतं एकदा. दुसऱ्या दिवशी त्यांचा तुमाला फोन आला, आन तुमीच परत जोडून दिला."

मला आठवलं. "आई, डब्याच्या मागं नंबर चिकटवलाय बघ, तेवढा त्या ॲपमधी टाक." मी चष्मा लावला, खुर्चीवर चढले, एकेक आकडा मोठ्यानं वाचून दोनदा खात्री करून घेतली. वर म्हणाले, "अजून काय करू रे राजा?" राजा! कुठला राजा न् काय! आपलेच दात, आपलेच ओठ. चोर सोडून संन्याशाला फाशी देत फिरले मी गावभर.

"सिद्धोधन," मी म्हणलं, "हा डबा आत्ता उचलून फेकून दे उकिरड्यावर."

"फेकायची गरज न्हाई काकू. डबा चांगला हाय. त्याच्या आतला प्रोग्रॅम बदलायचा. फर्मवेअर म्हणतात त्याला. डबा काय ऐकंल आन कुणाचं ऐकंल, ते त्याच्यावर ठरतंय."

"मग सांग, कोणकोणतं हाय."

"एक तर कंपनीचंच नवीन टाकायचं. डबा जरा पळंल, पण ॲप तेच. ज्याच्याकडं तो मागचा नंबर, त्याला परत जोडता येतंय."

"म्हंजी चावी बालाजीकडंच. नको. दुसरं?"

"दुसरं माझं. मी गावात सगळ्यांना देतो ते. बिघडलं की मला दुकानातूनच दुरुस्त करता येतंय."

"म्हंजी चावी तुझ्याकडं. तू चांगला हाईस, पण माझ्या घराची चावी दुकानात नको."

तो रागावला न्हाई, उलट हसला. "मग तिसरं. जगभरातल्या लोकांनी मिळून केलेलं, फुकट. त्याला ॲप न्हाई, कंपनी न्हाई. पासवर्ड ज्यानं घरात बसून टाकला, चावी त्याची. पण काकू, ते घालायला धोका हाय. घालताना मधीच बंद पडलं तर डबा कायमचा मरतो. कंपनी बी मग बदलून देत न्हाई. आन माझ्याजवळ दुसरा डबा मंगळवारशिवाय येत न्हाई."

सोमवारी सकाळी दहाला रेणुकाला बसायचं होतं. तिनं ओठ चावला.

मला ना, त्या वेळी आमचा जुना टीव्ही आठवला. लाकडी शटरचा. बालाजीचे वडील, किशनराव, परभणीला कचेरीत जायचे तवा शटर ओढून कुलूप लावायचे आन चावी करदोट्याला बांधून गाडी पकडायचे. दिवसभर मी त्या लाकडाच्या फळीकडं बघायची. बालाजी तवा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायचा, तो बी बघायचा. मी कवा बोलले न्हाई. गावाला वाटतं सरजाबाईचं तोंड पहिल्यापासून फाटकं हाय. न्हाई. ते त्या फळीसमोर बसून बसून फाटलं.

"तिसरं घाल," मी म्हणलं.

"मी न्हाई," सिद्धोधन म्हणला. "वहिनींना येतंय. त्यांनाच घालू द्या, पुढं त्यांनाच सांभाळायचंय."

रेणुकानं माझ्याकडं बघितलं. "मोडलं तर, आत्याबाई?"

"मोडलं तर माझ्या नावावर. कर!"

लाईटीचा भरवसा न्हाई, म्हणून डबा इन्व्हर्टरवर लावला. रेणुकानं लॅपटॉप वायरीनं डब्याला जोडला, सिद्धोधननं नेटवरून उतरवून दिलेली फाईल त्यात घातली. डब्याचे सगळे दिवे विझले, आन एकच मिचमिच करायला लागला. सिद्धोधन म्हणला, आता कुणी श्वास बी जोरात घेऊ नका.

आन माझा फोन वाजला. बालाजी.

"आई, डबा बंद पडलाय का गं? बटण बंद करून परत चालू कर बरं."

सिद्धोधन दोन्ही हात हलवून न्हाई न्हाई करायला लागला. मी डब्याच्या आन खोलीच्या मधी उभी राहिले, जणू कुणी येऊन बटण दाबणारच होतं.

"पुण्यात बसून तुला कसं कळलं रे, डबा बंद पडला ते?"

"ॲपवर दिसतंय ना."

"आजून काय काय दिसतंय? आत्ता लाल बटण दाबत होतास, ते बी दिसलं आमाला."

मग म्हणतो कसा, "आई, तू त्यात पडू नको. ती दिवसभर परक्या माणसांशी गोड गोड बोलायली. माझे दोस्त हसतात मला."

"मग तिला तोंडावर न्हाई म्हणायचं होतंस!"

"न्हाई म्हणलं असतं तर तू भांडली असतीस."

"म्हणून मागून गळा कापलास? भेकडा! तुझा बाप चावी करदोट्याला बांधून माझ्या डोळ्यांदेखत जायचा. वाईट होतं, पण उघड होतं. तू तर रोज गोड बोलून इचारायचास, 'नेट गेलं का आई?' बायकोच्या डोळ्यांत पाणी आणलंस, त्या गरीब माणसाला माझ्या तोंडून शिव्या खायला लावल्यास, आन मला... मला खुर्चीवर चढवून नंबर वाचायला लावलास! आईला लबाडीच्या कामाला लावलंस तू!"

माझा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला असंल.

"आई, आधी बटण बंद कर, डबा खराब व्हईल," तो म्हणला.

"हात लावणार न्हाई. आन तुझा बी आता पोचणार न्हाई." मी फोन कापला.

मागं वळले तर दिवा स्थिर झाला होता. मग दुसरा लागला, तिसरा लागला. रेणुका लॅपटॉपवर वाकली आन एकदम रडायला लागली. मी घाबरले, गेलं वाटतं सगळं. सिद्धोधन म्हणला, "झालं काकू! चालू झालं!"

लॅपटॉपवर नवीन पान आलं होतं. ते नवीन पासवर्ड इचारत होतं.

"काय ठेवू, आत्याबाई?" रेणुकानं डोळे पुसत इचारलं.

"तुला वाटंल ते ठेव. मला सांगू नको."

"तुमाला बी?"

"मला तर बिलकुलच न्हाई. माझ्या मोबाईलमधी तूच टाकून दे, पण सांगू नको. मी आई हाय. त्यानं फोनवर दोनदा आई म्हणलं, की मी परत खुर्चीवर चढंन."

सोमवारी सकाळी मी सिद्धोधनच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं नेहमीसारखी बाजूला सरकली. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "सिद्धोधनची लाईन चांगली होती. खोट माझ्या घरात होती. माझ्या लेकानं केलं ते. चार माणसांत बोलले, चार माणसांतच माफी मागते." घरची अब्रू गेली म्हणतात ना, ती गेली. खोटं बोलून ठेवण्यापेक्षा बरी गेली. सिद्धोधन म्हणला, "बसा काकू, चहा घ्या." मी बसले. पण जीव घरी लागला होता, चहा अर्धा ठेवून निघाले. रेणुका बोलत होती. दिवसभर बोलत होती. लाईन एकदा बी तुटली न्हाई.

शनिवारी दुपारी बालाजी आला. पुण्याहून, न सांगता. बॅग खाली ठेवली, पाया पडला. मी त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. लेकरू उपाशी आलं होतं, आन राग काय, तो ताट वाढताना बी करता येतो. जेवला, हात धुतला, मोबाईल काढला. मग माझ्याजवळ सरकून, लहानपणी गोळीला पैसे मागायचा त्या आवाजात म्हणला, "आई, नेटचा पासवर्ड सांग ना."

माझं काळीज हाललं, खोटं कशाला सांगू? म्हाईत असता, तर सांगितला असता.

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणलं. "तुझ्या बायकोला इचार."

तो उठून आतल्या खोलीकडं गेला. आतून आवाज येत होता, "काळजी करू नका दादा, मी आहे ना, तुमची तक्रार मी लिहून घेतली." त्यानं दार ढकलायला हात लावला.

"दाराला हात लावू नको," मी म्हणलं. "ती कामात हाय. संपलं की इचार."

बालाजी दारात उभा राहिला. मी त्याचं ताट उचललं आन घासायला घेतलं.