सुसाट्याला ब्रेक कुठला?

सुर्ल्यात मला कोणी कृष्णनाथ म्हणत नाही, बेगीन म्हणतात. बेगीन म्हणजे लवकर. पंचवीस वर्षं मी खाणीवरून नदीकाठच्या जेटीवर खनिजाचा ट्रक हाकला, आणि बाकीचे दिवसाला सात खेपा मारायचे तेव्हा मी नऊ मारायचो. तेव्हा वेग म्हणजे काय हे मला शिकवायच्या फंदात कोणी पडू नये. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, पण माझ्या पायाखाली अजून अ‍ॅक्सिलरेटर आहे, असं माझी बायको यशोदा म्हणते. जेवतानासुद्धा पाय हलत असतो.

असा मी, आणि माझ्या सिद्धीने स्वतःला नवरा शोधला तो कसला, तर चित्रांची पुस्तकं काढणारा. पार्सें गावचा साईश. घरची काजूची बाग, माणसं चांगली, मुलगा निर्व्यसनी, सगळं मान्य. पण तो ज्या हिरोची चित्रं काढतो त्याचं नाव सुसाट्या. हा सुसाट्या म्हणे पापणी लवायच्या आत पार्स्याहून काश्मीरला जाऊन परत येतो. आता काश्मीरला त्याचं काम काय, ते विचारू नका.

साईश पहिल्यांदा घरी आला तेव्हा यशोदा चहा ठेवायला आत गेली आणि मी त्याला धरला. विचारलं, बाबा रे, तुझ्या या माणसाला ब्रेक कुठला? भरलेला ट्रक उतारावर थांबवताना माझ्या तोंडाला फेस यायचा, हा थांबतो कशावर? वळणावर उलटत नाही? चपला किती दिवस टिकतात? तो म्हणाला, त्याच्या अंगातच तशी शक्ती आहे. बरं म्हटलं, मग चोर दिसल्या दिसल्या पकडत असेल. तो हो म्हणाला.

"मग पुस्तक बत्तीस पानांचं कशाला? पहिल्याच पानावर संपायला हवं."

साईश हसला. सिद्धी तोंड फिरवून बसली. आतून यशोदाने सांगितलं की चहा तयार आहे, आता मी तोंड फक्त पिण्यापुरतं उघडावं.

खरं सांगायचं तर माझा राग सुसाट्यावर नव्हताच. मुलगी घरातून जाणार हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. पार्सें काही अमेरिकेत नाही, हे मलाही कळतं. पण आपल्याला वाईट वाटतंय असं कुठला बाप बोलून दाखवतो? म्हणून त्या कागदावरच्या बिचाऱ्याला धारेवर धरला. शेवटी म्हटलं, देवाला विचारू. उजवा कौल मिळाला तर लग्न, डावा मिळाला तर विषय बंद. सिद्धीने मान खाली घालून हो म्हटलं. देवाची पाकळी पडली की आमच्या घरात पुढे कोणी बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी आम्ही चौघं देवळात गेलो. भटजींनी गाऱ्हाणं घातलं आणि मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मग नुसतं बसायचं. पाकळी वाळते, सुटते आणि तिला वाटेल तेव्हा पडते. कधी पाच मिनिटांत, कधी दोन तासांनी.

पाऊण तास झाला. सिद्धी डोळे मिटून बसली होती, यशोदाचा जप चालला होता, साईश शांत मांडी घालून बसला होता. माझा पाय काही राहीना. तेवढ्यात भटजी बाहेर कोणाशी तरी बोलायला गेले. गाभाऱ्याच्या दाराशी त्यांचा टेबल फॅन होता. उकडत होतं हे काही खोटं नाही. पण खरं म्हणजे, काय ते एकदाचं होऊन जाऊ दे, बेगीन, असं झालं होतं मला. मी उठलो आणि बटण दाबलं.

डावी पाकळी पडली.

फॅन बंद करून मी गुपचूप जागेवर येऊन बसलो. सिद्धीने डोळे उघडले आणि पाकळी बघितली. रडली नाही. ओढणी सावरली आणि म्हणाली, "असू दे, पपा." लहानपणी तिला जत्रेला न्यायचं कबूल करून मी रात्री उशिरा ट्रक घेऊन यायचो, तेव्हाही ती हेच म्हणायची.

साईश माझ्याकडेच बघत होता. त्याने फॅन बघितला होता. तरी काही न बोलता तो चपला घालायला उठला.

"थांबा," मी म्हटलं. "ती देवाने पाडलेली नाही. फॅन मी लावला."

यशोदाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात परत आलेल्या भटजींनी तर माझा उद्धारच केला. देवाला काय तुझा ट्रक समजलास, धक्का मारून चालू करायला, असं सगळ्या देवळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं. मी नाक घासून माफी मागितली. पाकळ्या परत लावल्या, आणि या खेपेला भटजी फॅन उचलून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले.

मी साईशच्या शेजारी सरकलो. बघितलंस तर बोलला का नाहीस, विचारलं. ते तुम्ही सांगायचं होतं काका, म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, बरं, तुझा सुसाट्या इथे असता तर त्याने काय केलं असतं?

"बसून राहिला असता. तो इतका वेगात असतो की बाकीचं जग त्याला थांबल्यासारखं दिसतं. पाकळी सुटल्यापासून खाली पडेपर्यंत त्याला आख्खा दिवस मिळतो, काका. पळणं ही त्याची ताकद नाही. त्याच्याकडे वेळ असतो, ही ताकद."

सिद्धी जन्मली तेव्हा माझा ट्रक सातव्या खेपेला भरत होता. तिने पहिलं पाऊल टाकलं ते मला यशोदाने सांगितलं. शाळेत तिला बक्षीस मिळालं तेव्हा जेटीवर माझा नंबर लागणार होता. नऊ खेपा मारणारा मी, माझ्याकडे वेळ कधी नव्हताच. आता ती दोन हातांवर बसली होती आणि तिच्या कानामागे तीळ आहे हे मला आज दिसत होतं. सत्तावीस वर्षांची झाली माझी मुलगी.

उजवी पाकळी एका बाजूने सुटली आणि लोंबायला लागली. सिद्धीने माझा हात घट्ट धरला. भटजीसुद्धा फॅन सोडून पुढे वाकले.

"सावकाश रे, देवा," मी पुटपुटलो. "काही घाई नाही."

पाकळी पडली ती उजवीच. पण त्याआधी चांगली दहा मिनिटं ती तशीच लोंबत होती, आणि यशोदा अजून सगळ्यांना सांगते की तेवढा वेळ ह्यांचा पाय हलला नाही.