तीस ठोके

डॉक्टर दोन दिवस मुंबईला जाणार, यात बाळाजी कंपाउंडरचा फायदा काय? तर घड्याळ. चौतीस सालच्या माघात नागावात मनगटावर घड्याळ एकट्या डॉक्टरांच्या, आणि हे तर आठवड्यापूर्वीच आलेलं, नाडी मोजायचं. बैलांच्या दमणीत एक पाय ठेवून त्यांनी ते बाळाजीच्या हाताला बांधलं.

“तुझ्या बायकोच्या, केसरच्या, फुप्फुसाला सूज आहे. उगाच हलवू नकोस. तासातासानं नाडी घे. सव्वाशेच्या वर गेली, की तडक गाडीत घालून अलिबागच्या इस्पितळात ने.”

“आणि हे चालवायचं कसं?”

“जुन्यासारखंच रे!” दमणी निघालीसुद्धा.

जुनं घड्याळ, विहिरीत पडेपर्यंत, बाळाजीनं सहा वर्षं हाताळलं होतं. कडेचं बटण दाबलं की बारावर थांबलेला लांब काटा सुटायचा. तीस ठोके मोजायचे, पुन्हा दाबायचं. काटा थांबेल तिथला आकडा म्हणजे मिनिटाची नाडी. तिसऱ्यांदा दाबलं की काटा परत बारावर. गुणाकार नको, भागाकार नको. गावात ही विद्या दोघांनाच येते, हे बाळाजी कुणाला विसरू द्यायचा नाही.

नव्याच्या कडेला मुंगीएवढ्या परदेशी अक्षरांत काहीतरी होतं. बनवणाऱ्याचं नाव असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं.

दुपारी केसरच्या नाकपुड्या भात्यासारख्या हलू लागल्या. अंगणात शिवदास गाडीवान बैल धरून उभा.

“जुंपू का, बाळाजी?”

“थांब.” त्यानं बायकोचा हात धरला. बटण. तीस ठोके. बटण. “बाहत्तर!”

त्याची आई, आवडाबाई, सुनेच्या दुसऱ्या मनगटावर बोटं ठेवून बसली होती. “कसली बाहत्तर? नाडी घोड्यावानी पळते हाय. जुंपायला सांग मेल्या.”

“आई, तुझ्या बोटांवर आकडे हायत का?”

केसर कशीबशी हसली. “हात माझा धरलाय, नि बघताय घड्याळाकडं.”

त्यानं पुन्हा मोजली. सत्तर. पुन्हा. चौऱ्याहत्तर. तिचा श्वास एक सांगत होता, काटा दुसरं. आणि बुडत्यानं फळी धरावी तसा तो काटा धरून बसला. एकदा स्वतःची नाडी पाहिली असती, तर तीही निम्मीच भरली असती, आणि डोक्यात उजेड पडला असता. पण जीव बायकोचा टांगलेला. स्वतःला कोण तपासतो?

“सोडू बैल?” दिवेलागणीला शिवदासनं विचारलं.

“सोड.”

आवडाबाईनं सुनेचं मनगट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर परतले ते थेट केसरच्या उशाशी. घड्याळ काढून घेतलं, बटण दाबलं, आणि लगेचच पुन्हा दाबलं.

“एकशे साठ.”

“तीस झाले न्हाईत, डॉक्टर.”

“याला पंधराच मोजायचे, कडेला लिहिलंय...” डॉक्टरांनी झटकन मान वर केली. “तू तीस मोजलेस?”

बाळाजी ओरडत अंगणात धावला. शिवदास बैलांच्या गळ्यात जोतं अडकवायच्या आधीच त्यानं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं. ते त्याच्या हातून सोडवावं लागलं. गाडीनं अलिबागच्या वाटेवरची आक्षीही ओलांडली नाही.

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला. तो खोटा नव्हता. बाळाजीची नोकरी राहिली. गावानं दोष थंडीला दिला. एकाचं पंधरा सांगायचं राहिलं, दुसऱ्याचं कडेच्या अक्षरांचं विचारायचं. दोघांचा भरणा केसरनं केला, वयाच्या चोविसाव्या वर्षी.